जागा सोडा

मधुकर रणपिसे यांनी आपल्या अंगात लोखंड नाही हे सांगायच्या आधी आमच्या फॉर्ममध्ये एकोणीस चुका आहेत हे सांगितलं. तीन पानी फॉर्म होता. सही करायला म्हणून मी तो त्यांच्या हातात दिला आणि चहा पिऊन परत आले, तर फॉर्म लालेलाल. कानामागची लाल पेन्सिल हातात घेऊन गृहस्थ मन लावून खुणा करत बसले होते. एका जागी छापलं होतं, 'अभ्यास संपल्यावर मेंदू सहभागी व्यक्तीस देण्यात येणार नाही.' 'मेंदूचे चित्र' मधलं 'चे चित्र' टाइप करताना गळालं होतं. काकांनी समासात लिहिलं होतं, 'मग ठेवणार कुठे?'

"काका, सही राहिली," मी म्हटलं.

"चुकीच्या मजकुरावर मी सही करत नाही."

"अहो, बाकी सगळ्यांनी केली."

"त्यांनी त्यांचा मेंदू दिला असेल. मला माझा परत हवा आहे."

तेव्हा मला हसू आलं होतं. तो फॉर्म अजून माझ्या खणात आहे. टाकायला हात होत नाही, आणि आता उघडून बघितला तर हसूही येत नाही.

मी वंदना. एमआरआयचं मशीन चालवते. अठरा वर्षं झाली, लोकांना 'हलू नका' सांगून पोट भरते. पेशंट आत बोगद्यात, मी काचेच्या अलीकडे, समोर माइकचं बटण. बटण दाबायचं, 'हलू नका' म्हणायचं, बटण सोडायचं. हे दोन शब्द तोंडात इतके बसलेत, की घरी वारज्याला नवऱ्याच्या केसांना कलप लावतानाही तेच निघतात. आमची खोली तळघरात, थंडगार, खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की आभाळ, ते मला संध्याकाळी स्कूटर काढतानाच कळतं. अशा जागी बसून बसून माणूस तुटक बोलायला लागतो. मी मुळातच तुटक, त्यात ही नोकरी.

शनिवारी दुपारी आमचं मशीन एका संशोधनासाठी दिलेलं असायचं. ते संशोधन डॉक्टर नेहाचं. तिशीची पोरगी, हुशार, बोलणं निम्मं इंग्रजीत. साठी ओलांडलेल्या माणसांना तीन महिने मोडी लिपी शिकवायची, आणि शिकायच्या आधी, अध्येमध्ये आणि शिकून झाल्यावर असे तीनदा त्यांच्या मेंदूचे फोटो काढायचे. म्हातारपणी नवं काही शिकलं तर मेंदूत फरक पडतो का, एवढंच तिला बघायचं होतं. मोडीचा वर्ग सदाशिव पेठेत. तिथे येणाऱ्यांत कोणी जुनी कागदपत्रं वाचायची हौस असलेले, कोणी घरी सुनेशी पटत नाही म्हणून आलेले. रणपिसेकाका कात्रजहून बस बदलून यायचे, आणि ते कशाला येतात हे पहिले दोन महिने कोणालाच ठाऊक नव्हतं.

काका मुद्रितशोधक होते. पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका शोधणारा माणूस. एका छापखान्यात जन्म काढला, आणि निवृत्त झाल्यावरही प्रकाशकांची प्रुफं घरी येत राहिली. डाव्या कानामागे लाल पेन्सिल आणि तोंडात एक वाक्य, 'जागा सोडा'. दोन शब्द चिकटून छापले गेले की मुद्रितशोधक मधे खूण करून तसं सुचवतो. काका ते सगळीकडे सुचवायचे. मोडीच्या वर्गाच्या दारावर 'मोडीलिपीवर्ग' असा कागद होता, त्यावर पहिल्याच दिवशी दोन लाल खुणा झाल्या. मला म्हणाले, "ताई, तुम्ही फार जोडून बोलता. शब्दांमधे जागा सोडा." नेहा म्हणाली, "काका, तुम्ही जस्ट रिलॅक्स करा," तर म्हणाले, "'जस्ट' काढा. वाक्य त्याच्याशिवाय उभं राहतं."

पहिल्या स्कॅनला पेन्सिलीवरून खडाजंगी झाली.

"काका, ती काढून ठेवा."

"लाकूड आहे. चुंबक लाकडाला ओढत नाही. शाळेच्या पुस्तकात आहे, मीच तपासलंय."

"नियम आहे."

"नियम कोणी तपासला?"

शेवटी पेन्सिल काढली, पण माझ्या हातात दिली नाही. रुमालात गुंडाळून लॉकरमध्ये स्वतः ठेवली, लॉकरची किल्ली माझ्याकडून मोजून घ्यावी तशी घेतली आणि मग परत दिली. त्यांच्या चष्म्याऐवजी आमचा प्लास्टिकचा चष्मा चढवला, डोक्यावर पिंजरा बसवला, हातात रबरी फुगा दिला. जीव घाबरला तर तो दाबायचा, की इकडे घंटा वाजते. आत आरशात पडदा दिसतो. त्यावर कधी देवनागरी शब्द येतात, कधी मोडी, कधी नुसत्या रेघोट्या. माणसाने पडल्या पडल्या बघायचं.

सुरू करून चार मिनिटं झाली नाहीत तोच घंटा वाजली. मशीन थांबवलं, धावत आत गेले, पलंग बाहेर ओढला.

"काय झालं काका? छातीत दुखतंय?"

"तुमच्या पडद्यावर 'किर्ती' आलं. पहिली वेलांटी आहे, दुसरी पाहिजे."

"यासाठी घंटा दाबलीत?"

"पुढे कसं जाणार? तिथेच अडकलो."

मी मनातल्या मनात जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. पण नेहाने बिचारीने निमूटपणे शब्द दुरुस्त केला आणि आम्ही पहिल्यापासून सुरू केलं.

स्कॅन झाल्यावर तिने त्यांना समजावून सांगितलं. "काका, आत्ता तुमच्या ब्रेनला मोडी म्हणजे नुसत्या रेघा वाटतात. नीट शिकलात, की डाव्या बाजूला, कानाच्या मागे, थोडं आत, एक छोटा भाग त्या अक्षरांनाही ओळखायला लागतो. म्हणजे ब्रेन त्यांना जागा करून देतो. या वयात किती देतो, तेच आपण बघतोय."

काकांनी डाव्या कानामागे बोट टेकवलं. "इथे?"

"साधारण तिथेच."

"इथे पेन्सिल असते," ते म्हणाले. चेहरा अगदी गंभीर. मग जरा वेळाने त्यांनी विचारलं, "आणि समजा जागा नाहीच झाली तर?"

"तर तोही रिझल्टच ना, काका!" नेहा हसून म्हणाली. तिच्यासाठी तो होता. काकांच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, या माणसाचं काहीतरी अडलंय. पण म्हटलं, आपल्याला काय करायचंय.

दुसऱ्या स्कॅनला ते ठरल्या वेळेच्या तासभर आधी येऊन बसले. मोडीवर भयंकर चिडलेले. "ताई, ही काय लिपी म्हणायची? आधी ओळभर आडवी रेघ मारायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची. हात उचलायचा नाही. दोन शब्दांत जागा नाही. पूर्णविराम नाही. आणि वेलांटी एकच! ऱ्हस्व काय, दीर्घ काय, सगळ्याला एक. मग मला सांगा, चूक काढायची कशी?"

"नका काढू."

"मग वाचायचं कशासाठी?"

मला हसू फुटलं. पण काका हसले नाहीत. म्हणाले, "म्हणूनच तिने ही निवडली असणार."

ती म्हणजे त्यांची बायको. शालिनीकाकू. दोन वर्षांपूर्वी वारल्या. मूलबाळ नाही. काकू एका सरकारी कचेरीत जुन्या नोंदींच्या खात्यात होत्या. तिथले जुने कागद मोडीत, म्हणून त्या मोडी शिकल्या. खात्यात मोडी वाचणारी ती एकटी बाई, लांबून लांबून लोक आपल्या जमिनीचे कागद वाचून घ्यायला तिच्याकडे यायचे, हे काकांनी मला अभिमानाने सांगितलं. हयात असताना तिला कधी सांगितलं होतं का, हे मी विचारलं नाही. घरी मात्र ते मोडीला 'अळ्या' म्हणायचे. 'झाल्या का तुझ्या अळ्या वळवळून?' असं.

"तिची एक वही आहे," ते म्हणाले. "स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे असायची. सगळी मोडीत. ती गेल्यावर सापडली."

"मग कोणाकडून वाचून घ्या की. वर्गाचे सर वाचतील."

"घरातलं आहे, ताई. बाहेरच्याने कसं वाचायचं?"

आणि मग, मी काही न विचारता, त्यांनी मला पत्राची गोष्ट सांगितली. लग्न नवीन होतं. काकू पहिल्या सणाला माहेरी गेलेल्या. तिथून त्यांनी नवऱ्याला पत्र लिहिलं. पहिलंच पत्र. काकांनी ते वाचलं, लाल पेन्सिलीने तपासलं आणि परत पाठवलं.

"परत पाठवलंत?"

"सत्तावीस चुका होत्या. मला वाटलं, तिचा फायदा होईल."

मी कपाळावर हात मारला. खरंच मारला, त्यांच्या समोर.

"तुम्हाला हसू येईल," ते म्हणाले. "पण आमच्या वडिलांनी चाळिशीत अक्षरओळख करून घेतली. छापखान्यात हमाल होते ते. मला म्हणायचे, मधू, दुसऱ्याच्या हातून चूक झाली तर लोक चूक म्हणतात. आपल्या माणसाच्या हातून झाली तर चूक म्हणत नाहीत, भलतंच काहीतरी म्हणतात. तेव्हा चूक ठेवायची नाही. मी नाही ठेवली. कुठेच नाही ठेवली. त्या पत्रानंतर तिने मला कधी पत्र लिहिलं नाही. चिठ्ठीसुद्धा नाही. मला वाटायचं, तिला लिहायची आवडच नाही."

मी म्हटलं, "चला काका, मशीन रिकामं आहे."

आत त्या दिवशी वेगळीच पंचाईत. पडद्यावर मोडी शब्द आला की काका तो ओठांनी वाचायचे. ओठ हलले की जबडा हलतो, जबडा हलला की डोकं, आणि डोकं हललं की फोटो गेला.

मी बटण दाबलं. "काका, हलू नका."

आतून आवाज आला, "ताई, तुमचं हे वाक्य मोडीत लिहिलं ना, तर 'हलून का' असंही वाचता येईल. जागा नसते ना मधे. हलून का? म्हणजे हलून उपयोग काय, अशा अर्थी."

"दोन्ही अर्थ एकच आहेत. गप पडून राहा."

"बरोबर आहे," आतून पावती मिळाली. तेव्हापासून मी 'हलू नका' म्हटलं की ते आतून 'हलून का' म्हणून उत्तर द्यायचे. त्या दिवशी तीनदा दिलं आणि मी तीनदा फोटो परत काढले.

बाहेर आल्यावर कानामागे पेन्सिल अडकवत त्यांनी विचारलं, "झाली का जागा?"

"मला त्यातलं कळत नाही. नेहा मॅडमचा कॉम्प्युटर सांगेल, काही महिन्यांनी."

"फोटो तर तुम्ही काढता."

"काढते. वाचत नाही." हे मी जरा तोडूनच बोलले. ते 'बरं' म्हणाले आणि जिना चढून गेले. त्यांच्या चपलांचा आवाज वरपर्यंत ऐकू येत होता. आपण जरा नीट बोलायला हवं होतं असं मला वाटलं, पण वाटून काय उपयोग, पुढचा माणूस दारात उभा होता.

मधल्या काळात नेहाकडून कळलं, काका वर्गात सगळ्यांत मागे आहेत. सर एखादं अक्षर एकदा सांगतात, काका चारदा विचारतात. सरांनी छापील मोडी दिली तर वाचता येते, हाताने लिहिलेली दिली की अडखळतात. "आय थिंक त्यांना प्रेशर येतंय," नेहा म्हणाली. "सोडून दिलं तरी चालेल म्हटलं मी त्यांना. ते म्हणाले, 'चालेल' हा शब्द काढा."

तिसऱ्या स्कॅनला ते आले तेव्हा कानामागे पेन्सिल नव्हती. मला ते आधी कळलंच नाही, नुसतंच काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. खांद्याच्या पिशवीतून त्यांनी एक वही काढली. साधी, शाळकरी, कोपऱ्यांना तेलाचे डाग. मी हात पुढे केला नाही, त्यांनीही दिली नाही. मांडीवर ठेवून ते तिच्यावर हात फिरवत बसले.

"वाचली का?" मी विचारलं.

"वाचली. तीन महिने मान मोडून कळलं काय, तर गूळ संपला. शेंगदाणे आणायचे. दुधवाल्याचा खाडा. पंख्याचा आवाज येतो. विहारात पौर्णिमेला खीर, पातेलं आपलं द्यायचं. पानंच्या पानं असंच. मी कुठेही नाही त्यात. चांगलं नाही, वाईट नाही, नाहीच. मला वाटलं होतं, निदान शिव्या तरी असतील."

"मग बरंच आहे की."

"शेवटच्या पानावर आहे." त्यांनी खिशातून कागद काढला. वहीतली ओळ त्यांनी देवनागरीत उतरवून घेतली होती. ठसठशीत, सुवाच्य अक्षर. "मोडीत सलग आहे, शब्द मी सोडवलेत," ते म्हणाले आणि कागद माझ्यासमोर धरला.

'रागावून का गेले होते डाक्टरकडे पुस्तक संपले की सांगते'

मी दोनदा वाचलं. "म्हणजे कोण गेलं होतं रागावून?"

"मी," काका म्हणाले. "नवरा म्हणून आदराने 'गेले होते' लिहिलंय. गेलो होतो मी."

मग त्यांनी सांगितलं ते असं. काकू आजारी पडल्या त्या वर्षी त्यांच्याकडे एका मोठ्या शब्दकोशाचं काम होतं. घरभर प्रुफं. पेन्सिल कानामागून हातात आली की घरात कोणी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. कोणी म्हणजे काकूच, दुसरं होतं कोण? पावसाळा गेला, दिवाळी गेली, शब्दकोश संपला, आणि त्यानंतर आठ दिवसांनी काकूंनी सांगितलं, की छातीत गाठ आहे. तोवर फार उशीर झाला होता. काकू दवाखान्यात असताना काका डॉक्टरांच्या खोलीत घुसले. तपासणीच्या कागदावर लाल खुणा केलेल्या, तो टेबलावर आपटला आणि ओरडले, की तुम्ही लोकांनी उशीर केलात. डॉक्टर शांतपणे म्हणाले, उशीर आम्ही केला नाही, तुम्ही यांना उशिरा आणलंत. शेजारच्या खोलीत काकूंना सगळं ऐकू गेलं.

"म्हणजे तिने लिहिलेलं शेवटचं वाक्य हे. रागावून का गेले होते डॉक्टरकडे." त्यांनी कागदाची घडी घातली. "जन्मभर मी तिच्या चुका काढल्या, ताई. तिने माझी एकच काढली, आणि ती बरोबर काढली. फक्त पुढचं लागत नाही. 'पुस्तक संपले की सांगते.' पुस्तक तर तेव्हा संपलेलं होतं. क्रम जुळत नाही. ती असा क्रम चुकवणारी नव्हती."

"आजारी होत्या काका. होतं असं."

"हो," ते म्हणाले. "'डाक्टर' असं लिहिलंय बघा. ते तसंच ठेवलं मी."

मला फार वाईट वाटलं. एवढी शाळा शिकून, एवढ्या बस बदलून, म्हाताऱ्याच्या हाती काय लागलं, तर बायकोचा ठपका. आणि तोही मान खाली घालून कबूल. त्यापेक्षा त्या अळ्या अळ्याच राहिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, आणि संशोधनाचा, नेहाचा, त्या मशीनचा सगळ्याचा राग आला.

वही त्यांनी लॉकरमध्ये ठेवली. पलंगावर निजले. मी पिंजरा बसवला, चष्मा चढवला, हातात फुगा दिला. पांघरूण घातलं आणि बाहेर येऊन काचेमागे बसले. नेहा माझ्या शेजारी, तिच्या कागदांत.

बटण दाबलं. "काका, सुरू करतेय. हलू नका."

नेहमीचं उत्तर आलं नाही. मी बटण सोडून वाट बघितली.

"ताई," आतून आवाज आला.

"काय हो?"

"परत म्हणा."

"हलू नका."

"परत."

मी वैतागले. "काका, हलू नका म्हटलं ना!"

आतून फक्त श्वास ऐकू येत होता, मोठा. नेहाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझा हात पलंग बाहेर काढायच्या बटणावर गेला, तेवढ्यात ते बोलले.

"जागा चुकली."

"कसली जागा?"

"तो 'न' अलीकडचा नाही. पलीकडचा आहे. मी चुकीच्या बाजूला जोडला." आणि मग, प्रूफ मोठ्याने वाचून दाखवतात तसं, एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, "रागावू. जागा. नका. पूर्णविराम. गेले होते डाक्टरकडे. पूर्णविराम. पुस्तक संपले की सांगते."

मला कळायला एक क्षण लागला. 'गेले होते' हे काकांबद्दल नव्हतंच. ते काकूंचं स्वतःचं होतं. मी गेले होते. ही ओळ दवाखान्यातली नव्हती, कितीतरी महिने आधीची होती. बाई एकटी डॉक्टरकडे जाऊन आली, गाठ आहे हे ऐकून आली, घरी नवरा हातात पेन्सिल घेऊन बसलेला. बोलायची सोय नाही. म्हणून डब्यांच्या मागची वही काढली आणि ज्या लिपीत चूक काढता येत नाही त्या लिपीत लिहिलं. रागावू नका. गेले होते डॉक्टरकडे. पुस्तक संपलं की सांगते. आणि पुस्तक संपल्यावर, शब्द दिल्याप्रमाणे, सांगितलं.

"ती मला लिहीत होती हो," आतून काका म्हणाले. "मी समजत होतो, वहीला लिहितेय. पत्र होतं ते."

नेहाला काही कळलं नव्हतं. तिने खुणेने विचारलं, काय झालं? मी मान हलवली.

"काका, बाहेर काढू का? आज राहू दे. परत कधी तरी करू."

"नको. नेहाबाईंचा शनिवार फुकट जाईल." बोलणं नेहमीसारखंच नेटकं. "ताई, फक्त एक दुरुस्ती कराल?"

"सांगा ना."

"तुमच्या वाक्यातलं 'हलू' काढा. तिथे 'रागावू' घाला. आणि एकदा म्हणा. मला ते ऐकायचं राहून गेलं. आता घरी म्हणणारं कोणी नाही."

अठरा वर्षांत ते बटण मी किती वेळा दाबलं असेल, देव जाणे. माझा तो कोरडा, तुटक आवाज यासाठी बरा नव्हता, पण दुसरा कुठून आणणार? मी बटण दाबलं. दोन शब्दांमधे जागा सोडली.

"रागावू नका."

आतून आवाज आला, आणि तो माझ्यासाठी नव्हता.

"नाही रागावलो गं."

मी बटण सोडलं आणि मशीन सुरू केलं. त्या दिवशी ते शेवटपर्यंत जराही हलले नाहीत.